समोरची भिंत

लिगुरियाच्या किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्राच्या चिमटीत
एक गाव, गावात एक घर, घराला अकरा खिडक्या.
सहा उघडतात.
उरलेल्या पाच माझ्या आजोबांनी काढल्या,
बापानं पुन्हा काढल्या,
आणि यंदा मार्चपासून परांचीवर बसून मी.

कुणी म्हणतं, पूर्वी खिडक्यांवर कर होता.
कुणी म्हणतं, नुसती हौस.
माझा बाप तेल्मो म्हणायचा,
भिंतीला चेहरा हवा, चेहऱ्याला डोळे सारखे हवेत;
त्यांना दिसतं का, ते नंतर बघू.

आमच्या धंद्यात लोकांना चुना लावायचा तो राजरोस,
ओला असतानाच,
आणि वाळायच्या आत खोटं पुरं करायचं.
झडपांना हिरवी माती,
चौकटीखाली भाजलेल्या तांबड्या मातीची एक रेघ,
तेवढ्यावर दगड दोन बोटं पुढे येतो.
कबुतरं फसतात. माझ्या कठड्यावर उतरायला जातात
आणि ओशाळून उडतात.

सावल्या सगळ्या सकाळी दहाच्या.
बापानं ठरवलेल्या, उजवीकडे पडणाऱ्या.
रोज दहाला, जेमतेम एक सिगारेट पुरेल इतका वेळ,
खऱ्या झडपेची सावली आणि माझी
एका कोनात येतात.
मग खरी पुढे सरकते.

नगरपालिकेनं कार्ड दिलं होतं: गुलाबी, चारशे सतरा.
लावला. वाळला.
चौथ्या दिवशी गल्लीपलीकडून हाक आली,
"ए रंगारणी, माझ्या दुधाचं काय केलंस?"

एर्मिनिया. ब्याऐंशी म्हणते, मला जास्त वाटते.
तिच्या स्वयंपाकघरात ऊन येत नाही,
कधीच आलं नाही.
येतो तो समोरच्या भिंतीवर आपटून आलेला उजेड,
आणि चाळीस वर्षं तो पिवळा होता.
पातेल्यातलं दूध, नवऱ्याची कॉलर,
धाकट्याचं जावळ,
सगळं त्या पिवळ्यात पाहिलेलं.
तिनं खिडकीतून कप पुढे केला.
जखम धुतलेल्या पाण्यासारखं दूध.
"हे मी पिऊ?"

उतरले. तिचे चौसष्ट जिने-पायऱ्या चढले.
तिच्या खुर्चीत बसले.
रंगाऱ्याला भिंत दिसते ती वीतभरावरून, भेगांसकट;
इथून पहिल्यांदा कळलं
की मी लावलेला रंग
रोज सकाळी गल्ली ओलांडून
कुणाच्या तरी घरात राहायला जातो,
न विचारता, भाडं न देता.
टेबलावरची सुरी गुलाबी होती. माझे हातही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
चुन्याच्या निवळीत पिवळी माती कालवली,
तिच्या खिडकीसमोर दोन पुरुष रुंदीचा पट्टा,
कडा बोटानं विरवत नेलेल्या.
बापाचं पिवळं नेमकं कसं होतं, आठवत नव्हतं.
तिलाच विचारत गेले.
"अजून." "अजून थोडं." "पुरे, ते लिंबू झालं."

शुक्रवारी बार्बाजेलाता साहेब आले, हातात कार्ड.
डोळे बारीक केले, मान तिरकी केली,
"हा चारशे सतरा नव्हे."
वरून एर्मिनिया म्हणाली, आधी वर या, दूध तापलंय.
साहेब गेले. वीस मिनिटं लागली.
खाली आले तेव्हा मिशीला साय होती.
कार्ड उन्हात धरलं, उलटं,
आणि वहीत लिहिलं: उन्हानं फिकटलेला.
एप्रिलमध्ये. आठवड्याच्या भिंतीवर.

बादल्या धुतल्या.
गढूळ पिवळं पाणी गल्लीच्या पायऱ्या उतरत
मासळीच्या रिकाम्या खोक्यांना वळसा घालून गेलं.

पाचवी खिडकी अजून व्हायची आहे.
एर्मिनिया म्हणते, तिची एक झडप किलकिली ठेव.
ठेवीन.
पण आत काय काढायचं, विचारलं
तर ती म्हणाली,
"मला काय माहीत? घर तुझं आहे."